वीस जुलैची नोंद

विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, माझ्या बिलात काही तरी राहिलं असेल. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सीएचबीवर. महिन्याच्या शेवटी तासांचा तक्ता भरायचा, सह्या घ्यायच्या, बिल पाठवायचं आणि वाट पाहायची, हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. सरांनी मात्र दार लावून घेतलं आणि एक पाकीट पुढे सरकवलं.

"एमएस्सीच्या एका लघुप्रबंधाबद्दल तक्रार आलीये. विभागाच्या समितीत तुम्ही तिसऱ्या सदस्य."

मला कॉलेजात पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. माझी स्वतःची पीएचडी अर्धवट. आणि मी दुसऱ्याच्या संशोधनाचा निवाडा करायचा?

सरांनी नियमाची प्रत दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये केलेले हे नियम वाङ्मयचौर्याबद्दल आहेत. प्रत्येक विभागात तीन जणांची समिती असावी: विभागप्रमुख अध्यक्ष, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर ज्याला वापरता येतं असा एक जण. हा तिसरा माणूस कायम सेवेतला हवा, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. आमच्या विभागात रिपोर्ट काढायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून माझं नाव आलं.

मी कुंभिवलीची. खालापूर तालुक्यातलं आमचं गाव. सकाळी रिक्षाने खोपोली गाठायची, तिथून लोकल. कॉलेज कर्जतच्या पलीकडे आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्या मुलाबद्दल लिहिते आहे त्याला अजून आयुष्य काढायचं आहे. त्याची ओळख पटेल असं काहीही इथे येऊ दिलेलं नाही.

तक्रारीचे कागद घरी न्यायचे नाहीत आणि कुणाशी बोलायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. नियमाची प्रत तेवढी न्यायला हरकत नव्हती. त्या संध्याकाळी पळसदरी ते लौजी मी तीच वाचत बसले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सादरच करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. शिक्षकाने केलं असेल तर लेखन मागे घेणं, वेतनवाढ रोखणं, काही वर्षं मार्गदर्शक होण्यावर बंदी. विभागाच्या समितीने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा, तो संस्थेच्या चार जणांच्या समितीकडे जातो आणि तिला आणखी ४५ दिवस. खोपोली आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. सगळं टक्क्यांवर आहे. टक्के सॉफ्टवेअर देतं. मला फक्त बटण दाबायचं आहे.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. ३७ टक्के.

पानापानावर रंग उमटले होते. तक्रारदाराने दुसऱ्या एका विद्यापीठातल्या प्रबंधाच्या सहा पानांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या, आणि त्यातली दोन पानं खरोखरच या लघुप्रबंधाच्या पूर्वाभ्यासाच्या प्रकरणात जशीच्या तशी उतरली होती. बाकीचे रंग मात्र कुठे कुठे पसरले होते. संदर्भसूची, मानक सूत्रं, अवतरणचिन्हांतला आणि श्रेय दिलेला मजकूर नियमाप्रमाणे वगळायचा. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सोडून द्यायचं. एवढं वगळल्यावर प्रश्न उरला तो विंकलर पद्धतीचा.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची ही जुनी पद्धत. बाटली काठावरच भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, तिथल्या तिथे मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं, तळाशी तपकिरी साका बसला की आम्ल, आणि मग प्रयोगशाळेत थायोसल्फेटने अनुमापन, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. जगात कुठेही हे असंच करतात. मग त्याचं वर्णन सारखंच येणार, असं मी म्हटलं. समितीतले बाहेरचे प्राध्यापक मराठीचे. ते म्हणाले, "पद्धत विंकलरची आहे हे मान्य. पण वाक्यं कुणाची आहेत? त्याने बाटली स्वतः भरली असेल तर त्याला ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे." या एका परिच्छेदावर आम्ही तासभर बोललो. सर शांतपणे ऐकत होते. वाक्य जसंच्या तसं असेल तर ते धरायचं आणि मोडून लिहिलं असेल तर सोडायचं, असं ठरलं. मी एकेक ओळ हाताने तपासली. दोन दिवस गेले. आकडा १३ वर आला.

सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, चोरी दाखवत नाही, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. ३७ वर थांबलो असतो किंवा घाईने नऊवर आणून सोडलं असतं, तरी रिपोर्ट छापून निघालाच असता.

१३ म्हणजे पहिली पातळी. मजकूर दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा. प्रकरण मिटल्यासारखं होतं. पूर्ण अहवालाखाली सही करायची म्हणून मी सगळा लघुप्रबंध पहिल्यापासून वाचायला घेतला. विषय आमच्याच भागातला होता. खालापूर तालुक्यातली पाच ठिकाणं, जानेवारी ते डिसेंबर २०२३, दर महिन्याच्या २० तारखेला पाण्याचा नमुना. चौथं ठिकाण होतं इर्शाळगडाच्या पायथ्याचा एक ओढा.

कोष्टकाच्या सातव्या ओळीत तारीख होती २० जुलै २०२३.

आमच्या तालुक्यात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर आदिवासींची ती वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. २० तारखेला दिवसभर पाऊस कोसळत होता. यंत्रं वर नेता येईनात, हेलिकॉप्टर उडू शकलं नाही, जवान आणि गावोगावची माणसं फावडी घेऊन पायी चढत होती. २७ मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती, ती अजूनही त्या मातीतच आहेत.

आणि या कोष्टकात त्या दिवशी त्याच डोंगराखालच्या ओढ्याचा गढूळपणा होता १०.

त्या रात्री मी घरी बाबांना एवढंच विचारलं की इर्शाळवाडीच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करत होतो. बाबा म्हणाले, "काय करणार? लावणी अर्धी झालेली, पण कुणी शेतात उतरलंच नाही. पऱ्ह्याला एवढं लाल पाणी मी आयुष्यात बघितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ते कोष्टक काढलं. चौथ्या ठिकाणी जूनमध्ये विद्राव्य ऑक्सिजन ६.२, ऑगस्टमध्ये ७.०, जुलैमध्ये ६.६. विद्राव्य घन पदार्थ जूनमध्ये १४८, ऑगस्टमध्ये ११२, जुलैमध्ये १३०. गढूळपणा १२ आणि ८, मध्ये १०. मग बाकीची ठिकाणं पाहिली. पाच ठिकाणं, प्रत्येकी सहा मोजमापं. तीसच्या तीस आकडे जून आणि ऑगस्टच्या बरोब्बर मधोमध. निसर्ग असा वागत नाही. हे आकडे बाटलीतून आलेले नव्हते.

सॉफ्टवेअरने या पानावर एकही रंग दाखवला नव्हता. साम्य शून्य. कारण हे आकडे कुणाचेच नव्हते.

पीएचडीला प्रवेश घेतल्यावर आम्हाला संशोधन आणि प्रकाशनातल्या नीतीवर ३० तासांचा, दोन क्रेडिटचा कोर्स असतो. तिथे तीन गैरप्रकार शिकवतात: आकडे बनवणं, आकडे फिरवणं आणि दुसऱ्याचं उचलणं. परीक्षेत मी ते क्रमाने लिहिले होते आणि मला चांगले गुणही मिळाले होते. आता पहिला प्रकार टेबलावर होता आणि हातातला नियम फक्त तिसऱ्याचा होता. २०१८ चे नियम मी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले. शब्द उचलले तर किती टक्क्याला काय शिक्षा हे दशांशापर्यंत काढता येतं, पण आकडे मनाने लिहिले तर ४५ दिवस कुणाचे, समिती कोणती, शिक्षा काय, याबद्दल त्यात एक ओळ नाही. मला हे अतिशय उलटं वाटतं. उचललेल्या वाक्याने मूळ लेखकावर अन्याय होतो. बनावट आकड्याने त्या ओढ्याचं पाणी पिणाऱ्या माणसावर होतो. उद्या एखादा अधिकारी हाच लघुप्रबंध उघडेल आणि पावसाळ्यात इथलं पाणी बरं असतं असं म्हणून पुढे जाईल.

मी सरांना दाखवलं. त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला, पाच-सहा आकडे स्वतः ताडून पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "तक्रार चोरीची आहे. आपला अहवाल तेवढ्यावरच देऊ. पण डोळ्यांनी पाहिलंय ते पाहिलंच नाही, असं म्हणता येणार नाही. त्याची वेगळी टिप्पणी प्राचार्यांकडे जाईल." आणि त्याआधी मुलाचं ऐकायचं, हेही त्यांनीच ठरवलं. त्याला लेखी कळवलं, कोणत्या पानांबद्दल विचारणार ते सांगितलं, प्रयोगवही आणायला सांगितली आणि तयारीला आठवडा दिला. घाईने बोलावून गाठायचं नाही, यावर ते ठाम होते.

तो आठवडा मला फार जड गेला. त्या मुलाचे मार्गदर्शक आमच्याच कॉलेजातले, पुष्कळ वर्षं सेवेत असलेले. एकदा जिन्यात भेटले आणि हसून म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीच्या सीएचबीच्या मुलाखती जूनमध्ये असतात ना?" एवढंच. त्या एका वाक्याने माझी झोप गेली. सरांना सांगावं की नाही, हे ठरवायलाही मला दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहवाल समितीचा असतो. तुमचा एकटीचा नाही. पहिली सही माझी राहील."

मुलगा आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. वही त्याने स्वतःहून पुढे केली. सरांनी आधी त्याला पाणी दिलं. पूर्वाभ्यासाची दोन पानं उचलल्याचं त्याने लगेच कबूल केलं. इंग्रजीत एवढं लिहायचं त्याला जमत नव्हतं. जुलैची ओळ मी दाखवली. तो खाली बघत राहिला.

"मॅडम, त्या दिवशी मी खरंच निघालो होतो. बाटल्या बॅगेत होत्या. चौक गावाच्या अलीकडे पोलिसांनी परत पाठवलं. पुढचे आठ दिवस कुणाला पाण्याबद्दल विचारायची हिंमतच झाली नाही."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"एक महिना रिकामा दिसला तर प्रबंध परत येईल असं वाटलं. गाईड सर म्हणाले होते, बारा महिने पूर्ण दिसले पाहिजेत."

मार्गदर्शकांचं म्हणणं वेगळं होतं. आपण आकडे भरायला कधीही सांगितलं नाही, असं त्यांनी लिहून दिलं. कोण खरं, हे आम्ही ठरवू शकलो नाही आणि अहवालातही तसंच लिहिलं. पण वही आमच्यासमोर होती. बारा महिन्यांच्या पानांवर मार्गदर्शकांच्या सह्या होत्या, आणि सगळ्या सह्यांखाली तारीख एकच होती: ५ फेब्रुवारी २०२४. वर्षभराचं काम एका बैठकीत पाहिलं गेलं होतं, किंवा पाहिलंच गेलं नव्हतं.

याच दिवसांत सरांनी मला पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातलं प्रकरण वाचायला सांगितलं. तिथल्या एका शोधनिबंधातल्या चित्रांबद्दल २००६ मध्ये निनावी ईमेलने आक्षेप आला. बाहेरच्या नामवंत शास्त्रज्ञांच्या समितीने संशोधकांना निर्दोष ठरवलं. ज्या अमेरिकी नियतकालिकाने निबंध छापला होता त्याने मात्र २००७ मध्ये तो मागे घेतला. दिल्लीच्या सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज या शास्त्रज्ञांच्या संस्थेलाही समितीचं म्हणणं पटलं नाही. २०१० मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने त्या ज्येष्ठ संशोधकाला तीन वर्षं आपल्या कामापासून दूर ठेवलं. एकाच चित्रावर इतक्या जाणत्या लोकांचे इतके वेगळे निवाडे. अमेरिकेत असल्या प्रकरणांसाठी १९९२ पासून सरकारी कार्यालय आहे. आपल्याकडे जो तो आपल्या घरात निवाडा करतो, आणि घरातल्याचा निवाडा घरच्यांनी करायचा म्हटल्यावर काय होतं, हे मी जिन्यात अनुभवलं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं, तर आमच्यासारख्या कॉलेजाने काय करावं, हा विचार मला घाबरवून गेला. सरांनी ते प्रकरण वाचायला दिलं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. "बघा," ते म्हणाले, "कारणं लिहून ठेवली की पुढच्याला आपला निवाडा तपासता येतो. चुकलो असू तर तेही दिसतं. म्हणून कारणं लिहा."

मी कारणं लिहिली. १३ टक्के कसे आले, काय वगळलं, काय धरलं, विंकलरच्या कोणत्या ओळी मोजल्या. वेगळ्या टिप्पणीत तीस आकड्यांचा तक्ता, वहीतल्या सह्यांची तारीख, मुलाचं म्हणणं आणि मार्गदर्शकांचं म्हणणं शेजारी शेजारी. तक्रार आल्यापासून चाळिसाव्या दिवशी अहवाल गेला. पहिली सही सरांची, तिसरी माझी.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. प्राचार्यांनी आकड्यांच्या चौकशीसाठी बाहेरचा एक जाणकार बोलावला. त्याने वही पाहिली, मुलाशी तासभर बोलला आणि बाकीच्या अकरा महिन्यांच्या कच्च्या नोंदी तपासल्या. त्या खऱ्या निघाल्या. थायोसल्फेटची वाचनं, खाडाखोड, पेनांचे वेगवेगळे रंग, सगळं जागच्या जागी होतं. निर्णय असा झाला: निकाल राखून ठेवायचा, पूर्वाभ्यास नव्याने लिहायचा, जुलैची ओळ काढायची, का काढली ते प्रबंधात लिहायचं, येत्या जुलैत पुन्हा नमुने घेऊन ते वेगळे जोडायचे आणि तोंडी परीक्षा पुन्हा द्यायची. मार्गदर्शकांना तोंडी समज देण्यात आली.

मुलाबद्दलचा निर्णय मला योग्य वाटतो. त्याने कबूल केलं, अकरा महिने पाय भिजवून काम केलं होतं, आणि चूक सुधारायला त्याला वाट मिळाली. मार्गदर्शकांबद्दलचा निर्णय मला मान्य नाही. २२ वर्षांच्या मुलाने एक ओळ बनवली, त्याचं वर्ष लांबलं. ज्यांनी न पाहता बारा सह्या केल्या, त्यांच्या सेवापुस्तकात एक अक्षर उमटलं नाही. शब्दचोरीत शिक्षकाची वेतनवाढ रोखता येते, मग न वाचता केलेल्या सहीला काहीच किंमत नसावी? हे मी बैठकीत बोलले नाही. बोलायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते आहे.

जूनच्या मुलाखतीत माझी पुन्हा नेमणूक झाली. २० जुलै २०२४ ला शनिवार होता. विभागप्रमुखांनी नमुने घेताना साक्षीदार म्हणून मला पाठवलं. मुलगा गुडघाभर पाण्यात उभा राहून बाटली भरत होता आणि मी काठावर छत्री धरून वहीत वेळ लिहीत होते. बुडबुडा राहिला म्हणून दोनदा त्याने बाटली ओतून पुन्हा भरली. ओढ्याचा गढूळपणा तीन आकडी आला. वहीच्या त्या पानावर माझी सही त्याच दिवसाची आहे.

जे कुणी मार्गदर्शक हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा वही मागा. पान रिकामं असेल तर ते रिकामंच राहू द्या, आणि ते तसं राहिल्याने तुझं काम परत येणार नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या तोंडाने सांगा.

त्या मुलाचा लघुप्रबंध आता मंजूर झाला आहे. त्यातल्या कोष्टकात जुलै २०२३ पुढे एकही आकडा नाही. तिथे लिहिलंय: नमुना घेतला नाही, इर्शाळवाडीच्या दरडीमुळे रस्ता बंद.